रोग सरला, विसर उरला : कर्करोगातून उठलेल्यांना घरात कशी मदत करावी

आपल्या ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा विषय शोधण्यासाठी आम्हांस फार लांब जावे लागले नाही. ट्रस्टच्या वार्षिक अहवालात वैद्यकीय मदतीचे जे पान असते ते आम्ही दरवर्षी लक्षपूर्वक वाचतो. कोणास शस्त्रक्रियेसाठी, कोणास औषधांसाठी, कोणास मुंबईच्या प्रवासासाठी साहाय्य दिले याची तेथे नोंद असते. रुग्ण बरा होऊन घरी आला की ती नोंद संपते, आणि ते योग्यच आहे. परंतु घरात मात्र त्यानंतर एक नवे प्रकरण उघडते. त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. त्या प्रकरणाविषयी हा लेख आहे.

कर्करोगाच्या उपचारांतून उठलेल्या पुष्कळ माणसांना पुढे कित्येक महिने, काहींना कित्येक वर्षे, एक चमत्कारिक अडचण जाणवते. बोलता बोलता नेमका शब्द सापडत नाही. स्वयंपाकघरात आपण कशासाठी आलो ते आठवत नाही. पूर्वी तासाभरात होणारा हिशोब आता दोन तास घेतो आणि तरीही चुकतो. दोन माणसे एकदम बोलू लागली की डोके भणभणते. शरीर बरे दिसते, केस परत आलेले असतात, वजन वाढलेले असते. म्हणून घरच्यांना ही अडचण दिसत नाही. न दिसणाऱ्या दुखण्याला आपण सहसा आळस, दुर्लक्ष किंवा नाटक अशी नावे देतो. ती नावे आम्हीही दिली आहेत, हे प्रथमच कबूल केलेले बरे.

आमच्या घरची गोष्ट

आमच्या आपा, म्हणजे थोरल्या भगिनी, शिवणकाम करून संसाराला हातभार लावणाऱ्या. नानाखेड्यातील आमच्या गल्लीत त्यांच्या हाताची कटाई प्रसिद्ध होती. माप एकदा ऐकले की लिहून घेण्याची त्यांना गरज पडत नसे. त्यांना स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी झाली, किरणोपचार झाले आणि ईश्वरकृपेने त्या बऱ्या झाल्या. आम्ही गल्लीत मिठाई वाटली.

त्यानंतर काही महिन्यांत एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या गेल्या. पुढच्या आठवड्यात दूध उतू जाऊन गॅस विझला, आणि वास आला म्हणूनच पुढचा अनर्थ टळला. इशाच्या नमाजात तीन रकात झाल्या की चार, हे त्यांना उमजेना. आम्ही एके दिवशी मुलांसमक्षच त्यांच्यावर रागावलो : "आपा, लक्ष कुठे असते तुमचे?" त्या काही वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "तुझ्या वर्गात एखाद्या मुलाला पाढा आठवला नाही, तर त्याच्यावरही तू असाच ओरडतोस का रे?"

अध्यापनाची पदवी घेतलेल्या माणसाला यापेक्षा चांगला धडा मिळाला नसता. स्मृती म्हणजे काय, अवधान म्हणजे काय, यांवर आम्ही परीक्षेत पाने भरून लिहिले होते. परंतु आपल्याच घरातील माणसाची स्मृती थकली आहे, हे आम्हांस ओळखता आले नव्हते. पुढच्या तपासणीच्या वेळी आम्ही डॉक्टरांना मुद्दाम हा प्रश्न विचारला. "हे पुष्कळांना होते; फक्त कोणी सांगत नाही," असे ते म्हणाले. का सांगत नाहीत, याचा उलगडा आपांनीच केला. "जीव वाचला, आता विसरण्याची तक्रार काय करायची? लोक म्हणतील, किती कृतघ्न बाई!" कृतज्ञतेच्या ओझ्याखाली किती माणसे अशी मुकी होत असतील!

हे काय आहे, आणि काय नाही

पाश्चात्त्य देशांतील रुग्णांनी या अवस्थेला बोलीभाषेत 'केमो ब्रेन' असे नाव दिले आहे. नाव सुटसुटीत आहे, पण पुरेसे अचूक नाही. कारण केवळ केमोथेरपीच याला कारण असते असे नव्हे. काही रुग्णांत उपचार सुरू होण्यापूर्वीच अशी लक्षणे आढळली आहेत. रोगामुळे शरीरात उठणारा दाह, औषधे, मेंदूवरील किरणोपचार, संप्रेरकांच्या गोळ्या, अकाली येणारी रजोनिवृत्ती, रक्तक्षय, निद्रानाश, सततचा थकवा आणि मनातील भीती अशी अनेक कारणे येथे एकत्र येतात. एकाच माणसात त्यांपैकी चार-पाच एकदम असू शकतात.

औषधाचा मेंदूवर परिणाम कसा होतो, याचे एक उदाहरण आपल्या देशाशी जोडलेले आहे. १९४८ साली बोस्टन येथील डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने ग्रस्त मुलांना अमिनोप्टेरिन नावाचे औषध देऊन त्यांचा रोग काही काळ हटविला. ते औषध ज्या प्रयोगशाळेतून आले, तेथील संशोधनाचे सूत्रधार आंध्रप्रदेशात जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे होते. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट हे औषध आजही असंख्य मुलांचे प्राण वाचविते. परंतु २०१८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी उंदरांवरील प्रयोगांत असे दाखविले की, या औषधामुळे मेंदूतील काही साहाय्यक पेशी बिघडतात आणि मज्जातंतूंवरचे संरक्षक आवरण नीट तयार होत नाही. विजेच्या तारेवरचे आवरण झिजले म्हणजे प्रवाह जसा नीट पोहोचत नाही, तसेच काहीसे हे आहे. म्हणून औषध वाईट ठरत नाही. प्राण वाचविणाऱ्या वस्तूची किंमत शरीराने कोठे मोजली, एवढेच त्यावरून कळते.

ही तक्रार किती जणांना होते? अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाच्या ५८१ स्त्रियांची ३६४ निरोगी स्त्रियांशी तुलना करण्यात आली. तिचा अहवाल २०१७ साली छापून आला. केमोथेरपी संपली तेव्हा शंभरातील सुमारे ४५ रुग्ण स्त्रियांनी आपली स्मृती व विचारशक्ती उणावल्याचे सांगितले; निरोगी स्त्रियांत हे प्रमाण शंभरात सुमारे १० होते. सहा महिन्यांनंतरही रुग्ण स्त्रियांतील प्रमाण शंभरात ३६ च्या वर होते. तेव्हा हा एखाद्या बाईच्या मनाचा खेळ नव्हे, हे उघड आहे.

आणि हे काय नाही, तेही नीट ध्यानात घ्यावे. हे वेड नव्हे, बुद्धिभ्रंशही नव्हे. बुद्धिभ्रंशात माणूस दिवसेंदिवस खालावत जातो. येथे बहुतेकांची अडचण सहा महिने ते वर्षभरात हळूहळू कमी होते, काहींची मात्र रेंगाळते. आमच्या नानाखेड्याच्या बसस्थानकाचा दृष्टान्त घ्या. गाड्या सर्व आहेत, चालक आहेत, रस्तेही शाबूत आहेत. फक्त चौकशीच्या खिडकीवरचा माणूस थकलेला आहे. त्याला एकदम दहा जणांनी प्रश्न विचारले तर तो गोंधळतो. एकेकाने रांगेत येऊन विचारले, तर इंदूरची गाडी कोठे लागते हे तो बरोबर सांगतो. ज्ञान गेलेले नसते. ते वेळेवर हाती लागत नाही, एवढेच.

प्रथम डॉक्टर, मग युक्त्या

घरगुती उपाय सांगण्यापूर्वी एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. विसरण्यामागे दुरुस्त होण्यासारखे कारण आहे काय, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. रक्तक्षय, थायरॉइडचा बिघाड, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या गोळ्यांची गुंगी, खिन्नता, ऐकू कमी येणे या प्रत्येकावर उपाय आहे. विसराळूपणा होतो म्हणून कर्करोगाच्या गोळ्या आपल्या मनाने कदापि बंद करू नयेत. तसेच स्मरणशक्तीची म्हणून मिळणारी चूर्णे व अर्क डॉक्टरांना दाखविल्यावाचून घेऊ नयेत. त्यांतील काही मूळ औषधांच्या कामात अडथळा आणतात.

अचानक बरळणे, झटके येणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, सकाळी तीव्र डोकेदुखीसह उलटी होणे, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, किंवा केमोथेरपी चालू असताना ताप येऊन भ्रम होणे, यांपैकी काहीही दिसले तर ती साधी विस्मृती समजू नये. त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

डॉक्टरांकडे जाताना प्रश्न कागदावर लिहून न्यावेत, सोबत एक माणूस न्यावा आणि उत्तरे तेथेच लिहून घ्यावीत. "डॉक्टरांनी काय सांगितले?" असे घरी आल्यावर रुग्णालाच विचारणे म्हणजे लंगड्याला धावण्याची परीक्षा देणे होय.

रोजच्या जीवनातील साधने

आता प्रत्यक्ष उपायांकडे वळू. यांतील बहुतेक आम्ही आमच्या घरी करून पाहिले आहेत. काही आमच्या शिक्षकी पेशातील आहेत.

एक : जागा ठरवावी. किल्ल्या, चष्मा, फोन आणि औषधे यांना घरात प्रत्येकी एकच जागा असावी. दाराजवळ एक खुंटी व एक टोपली पुरते. वस्तूला जागा असली म्हणजे डोक्याला ती लक्षात ठेवावी लागत नाही. घरातील इतरांनीही ती जागा मोडता कामा नये. हा नियम रुग्णापेक्षा इतरांसाठीच अधिक आहे.

दोन : एकच वही. चिठ्ठ्या हरवतात. हातात मावेल अशी एक वही करावी. तिच्या उजव्या पानावर आजची कामे आणि डाव्या पानावर लक्षात ठेवायच्या गोष्टी लिहाव्यात. आठवले की तत्क्षणी लिहावे. 'मग लिहू' म्हणजे 'मग विसरू'. आपांनी प्रत्येक गिऱ्हाइकाचे माप, कापडाचा एक तुकडा टाचून, वहीत लिहावयास सुरुवात केली. ज्यांस लिहिणे जमत नाही त्यांनी फोनमध्ये आपल्याच आवाजात निरोप भरून ठेवावा.

तीन : हातांनी मोजावे. कुकरच्या शिट्ट्या मोजण्यात चूक होते, म्हणून ओट्यावर एका वाटीत तीन चिंचोके ठेवावेत आणि शिट्टी झाली की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत टाकावा. दाराची घंटा वाजली, फोन आला, तरी हिशोब वाटीत सुरक्षित राहतो. जपमाळ आणि तसबीह यांचे तत्त्व हेच नव्हे काय? मन भटकणार हे जाणूनच आपल्या पूर्वजांनी मोजण्याचे काम बोटांकडे सोपविले. आणखी एक गोष्ट आम्हांस या निमित्ताने उमगली. नमाजात विसर पडला तर शेवटी दोन जादा सजदे करावे, अशी तरतूद धर्मातच आहे. तिला सजदा-ए-सह्व म्हणतात. चूक होईल हे तेथे आधीच गृहीत धरले आहे आणि ती सुधारण्याची रीतही सांगितली आहे. ईश्वर ज्याला इतकी सवड देतो, त्याला घरच्या माणसांनी थोडी द्यावयास काय हरकत आहे?

चार : मोठ्याने बोलावे. "गॅस बंद केला," "कुलूप लावले," असे त्या वस्तूकडे पाहून, बोट दाखवून, उघड बोलावे. जपानमधील रेल्वेचे कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतात. चुका कमी करण्याची ती त्यांची अधिकृत रीत आहे. तेव्हा यात लाजण्यासारखे काही नाही.

पाच : एका वेळी एकच काम. फोडणी देताना फोन घेऊ नये. हिशोब करताना दूरदर्शन बंद असावे. मध्येच उठावे लागले तर जेथे थांबलो तेथे वहीत खूण करावी. दूध तापत असताना स्वयंपाकघर सोडू नये, आणि सोडावेच लागले तर गॅस बंद करून सोडावे.

सहा : औषधांचा डबा. सात दिवसांचे सकाळ-संध्याकाळचे कप्पे असलेला डबा औषधांच्या दुकानात मिळतो. आठवड्यातून एकदा, घरातील दुसऱ्या माणसाबरोबर बसून तो भरावा. कप्पा रिकामा दिसला म्हणजे गोळी घेतली. 'घेतली असेन' या भरवशावर दुसरी गोळी कधीही घेऊ नये.

सात : मोठ्याचे लहान तुकडे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली एका प्रसिद्ध निबंधात दाखविले की, मनुष्य एका वेळी साधारण सातच गोष्टी मनात धरू शकतो. निरोगी माणसाची ही कथा. मग थकलेल्या मेंदूचे काय? दहा आकड्यांचा फोन क्रमांक तीन-तीन-चार असा तोडून पाठ करावा. 'घर आवरणे' असे न लिहिता 'चादरी बदलणे', 'भांडी लावणे' असे लिहावे. जर्मनीचे एबिंगहाऊस यांनी १८८५ सालीच सांगून ठेवले आहे की, एकदाच खूप घोकण्यापेक्षा थोड्या थोड्या अंतराने पुन्हा आठवणे अधिक टिकते. नव्या शेजाऱ्याचे नाव ऐकले की लगेच, मग तासाने, मग रात्री निजताना एकदा आठवून पाहावे.

आठ : चांगली वेळ ओळखावी. बहुतेकांचे डोके सकाळी ताजे असते. बँकेचे काम, हिशोब, कापड कापणे हे त्या वेळी करावे. घड्या घालणे, भाजी निवडणे दुपारी. आपा आता कापतात सकाळी आणि शिवतात दुपारी. तेव्हापासून बाही चुकलेली नाही.

नऊ : पैशाची सांभाळणी. हल्ली फोनवरून पैसे जातात आणि फोनवरूनच लुबाडले जातात. घाईघाईने बोलणाऱ्या भामट्यापुढे थकलेला मेंदू लवकर नमतो. म्हणून घरात एक नियम असावा : फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगावयाचा नाही आणि मोठी रक्कम दुसऱ्या दिवसापूर्वी कोणाला द्यावयाची नाही. हा नियम सर्वांना सारखाच असला म्हणजे एकट्या रुग्णाला अपमान वाटत नाही.

दहा : चालणे, झोप, हिरवळ. अमेरिकेतील ओहायो राज्यात स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या २०० स्त्रियांची पाहणी झाली. ज्यांना आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे योगासने शिकविली, त्यांच्या विसरण्याच्या तक्रारी तीन महिन्यांनंतर इतरांपेक्षा कमी आढळल्या. मिशिगन राज्यात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, नुकतेच निदान झालेल्या १५७ स्त्रियांपैकी काहींना आठवड्यातून दोन तास झाडापानांत, पाण्याकाठी घालविण्यास सांगितले. त्यांचे अवधान अधिक सावरले. आपल्याला क्षिप्रेचा काठ आहे, विद्यापीठाकडचे झाडांचे रस्ते आहेत. डॉक्टरांची संमती घेऊन रोज अर्धा तास सोबतीने चालावे. यास पैसा लागत नाही. सोबतीचा एक माणूस लागतो.

घरच्यांनी काय बोलावे, काय बोलू नये

"सांगितले होते ना!" हे वाक्य घरातून हद्दपार करावे. सांगितले होते हे खरे. पण पोहोचले नव्हते, हेही तितकेच खरे. त्याऐवजी तीच गोष्ट, पहिल्याच स्वरात, पुन्हा सांगावी. शब्द सापडत नसेल तर दोन श्वास थांबावे, लगेच तोंडात शब्द घालू नये. परीक्षा घेऊ नये; "सांग पाहू, काल कोण आले होते?" या प्रश्नाने स्मृती वाढत नाही, फक्त भीती वाढते. पाहुण्यांसमोर विसरण्याच्या गमती सांगून हसू नये. "अहो, आम्हीसुद्धा विसरतो!" हे समाधान चांगल्या हेतूने दिले जाते, पण ऐकणाऱ्याला त्यात आपले दुःख नाकारल्यासारखे वाटते.

याच्या उलट दुसरी चूकही होते. प्रेमापोटी सर्व कामे काढून घेतली जातात. पन्नास वर्षांच्या बाईला "तुम्ही बसा स्वस्थ" असे दिवसभर ऐकावे लागले, तर ती बसेल, पण स्वस्थ राहणार नाही. काम काढून घेऊ नये. कामाची रीत सोपी करावी. आमच्या हातून हीही चूक झाली. आपांचे शिवणयंत्र आम्ही महिनाभर झाकून ठेवले होते. त्यावरचे कापड त्यांनी स्वतः काढले, त्या दिवशी घरात ईद असल्यासारखे वाटले.

कचेरीत किंवा दुकानात परतणाऱ्यांविषयी थोडेच सांगतो. प्रारंभी कामाचे तास कमी असावेत, सूचना लेखी द्याव्यात, बसण्याची जागा वर्दळीपासून दूर असावी. आपल्या ट्रस्टच्या सभासदांत दुकानदार व अधिकारी पुष्कळ आहेत. त्यांस एवढे करणे अवघड नाही.

वर्गातील मूल

शिक्षक या नात्याने हा भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लहान मुलांत आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचा जो सर्वसाधारण प्रकार आहे, त्यातून आज प्रगत देशांत दहापैकी सुमारे नऊ मुले वाचतात. आपल्याकडेही वाचणाऱ्यांची संख्या वाढत आहे. ही मुले शाळेत परत येतात. ज्यांना मेंदूवर किरणोपचार दिले गेले किंवा पाठीच्या मणक्यातून औषध द्यावे लागले, त्यांपैकी काहींना पुढे फळ्यावरचे उतरवून घेण्यास वेळ लागतो, गणितात अडते, लक्ष टिकत नाही. विशेष म्हणजे ही अडचण लगेच दिसत नाही. इयत्ता वाढते, अभ्यास कठीण होतो, तेव्हा तीन-चार वर्षांनी ती वर येते. तोपर्यंत आजार सर्वजण विसरलेले असतात आणि मूल 'ढ' ठरते.

आमच्या वर्गात असा एक मुलगा होता. तो आळशी आहे अशी आमची समजूत होती. आईबापांनी आजार लपविला होता. पुढे लग्नाच्या वेळी अडचण नको, हा त्यांचा विचार. खरी हकीकत कळली तेव्हा आम्ही त्याला पहिल्या बाकावर बसविले, फळ्यावरचा मजकूर लिहून दिला, दहा उदाहरणांऐवजी चार दिली आणि वेळ वाढवून दिला. चारही बरोबर आली. बुद्धी होतीच, तिला घड्याळ पुरत नव्हते. पालकांस आमची विनंती आहे की, दर वर्षी नव्या वर्गशिक्षकांना एकांतात सर्व सांगावे. आणि शिक्षकबंधूंस विनंती आहे की, ते गुपित गुपितच ठेवावे.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने हा विषय फार पूर्वी ओळखला. ते रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे सुरू झाले. तेथेच १९९१ साली, उपचार संपलेल्या मुलांवर पुढे वर्षानुवर्षे लक्ष ठेवण्यासाठी, स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग काढण्यात आला. १९५१ साली स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीने २००९ साली, बालपणी कर्करोगातून वाचलेल्या तरुणांचा 'उगम' हा गट उभा केला. उज्जैनहून संध्याकाळची अवंतिका एक्स्प्रेस पकडून परळला गेलेली, दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा नाना पालकर स्मृती समितीच्या आश्रयाला राहिलेली कुटुंबे आपल्या ओळखीत पुष्कळ असतील. त्यांनी पुढच्या तपासणीला जाताना मुलाच्या शाळेतील प्रगतीची वही बरोबर न्यावी आणि डॉक्टरांना दाखवावी. जी तक्रार तपासणीच्या टेबलावर दिसत नाही, ती त्या वहीत दिसते.

ट्रस्टने काय करावे

यासाठी मोठा निधी नको, इमारतही नको. आमच्या तीन लहान सूचना आहेत. पहिली : वैद्यकीय मदत घेतलेल्या प्रत्येक कुटुंबाला, उपचार संपताना, एक कोरी वही आणि औषधांचा कप्प्यांचा डबा ट्रस्टतर्फे द्यावा. दुसरी : डॉक्टरांकडे सोबत जाऊन उत्तरे लिहून घेतील अशा पाच-सहा स्वयंसेवकांची यादी कार्यालयात लावावी, निवृत्त सभासदांस हे काम शोभेल. तिसरी : महिन्यातून एका रविवारी रोगमुक्त मंडळींना तासभर एकत्र बसू द्यावे. व्याख्यान नको, चहा पुरे. "मलाही तसेच होते" हे शब्द तेथे एकाने उच्चारले, तर दुसऱ्याची अर्धी भीती जाते. हे आम्ही आपांच्या बाबतीत प्रत्यक्ष पाहिले आहे.

आपण उज्जैनकर. सिंहस्थाचा मेळा आपल्याला नवा नाही. मागचा २०१६ साली झाला, पुढचा २०२८ साली यावयाचा आहे. लाखोंच्या गर्दीत माणसे चुकतात आणि त्यांच्यासाठी खास केंद्रे उघडली जातात. तेथे चुकलेल्या म्हातारीला "तू चुकलीसच का?" असे कोणी विचारत नाही. तिला बसवितात, पाणी देतात, तिचे नाव पुकारतात आणि तिचे माणूस येईपर्यंत थांबतात. कर्करोगातून उठलेल्या माणसाचा एखादा शब्द, एखादे काम, एखादी रकात अशीच गर्दीत चुकते. तेव्हा घरच्यांनी त्याला बसवावे, धीर द्यावा आणि थांबावे. चुकलेली गोष्ट बहुधा परत येते. न आली तर वहीत असते.

आपांनी हा लेख वाचून पाहिला. एके ठिकाणी त्यांनी आमची चूक काढली : चिंचोके तीन नव्हे, डाळीला चार लागतात. वाचकांनी ती दुरुस्ती करून घ्यावी.